फरक किती धरलाय?

लोणावळ्यातल्या हॉटेलचा हा हॉल एरवी लग्नांसाठी असतो. मंचामागे कागदी फुलांची एक माळ अजून लटकतेय. आज गोल टेबलांभोवती तरुण कॅन्सर डॉक्टर बसलेत. प्रत्येकाने पानभर कल्पना आणलीय आणि आठवडा संपेपर्यंत तिचा पूर्ण प्रोटोकॉल व्हायला हवा. साचा जुनाच. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या व्हेल गावी अशी निवासी कार्यशाळा १९९६ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे टाटा मेमोरियल सेंटर आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडने २०१५ पासून ‘क्रेडो’ चालवली. ही त्याच वळणाची.

मी खुर्ची ओढून बसलोय त्या टेबलावर एका जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या रेडिएशनच्या डॉक्टरची पाळी आहे. तिचे बहुतेक पेशंट तोंडाच्या कॅन्सरचे. ऑपरेशननंतर सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज शेक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं, गिळवत नाही, मजुरी बुडते, एसटीचे पैसे संपतात. शनिवारी गावी गेलेला माणूस सोमवारी येतच नाही. नर्सने दर आठवड्याला फोन करून अडचण वेळीच सोडवली, तर शेक पूर्ण करणारे वाढतील का? प्रश्न झकास आहे. पण पानावर त्याच्या जोडीला वजन, खर्च, वेदना, घरच्यांवरचा ताण, आजार उलटणं, आयुर्मान असं सगळंच आहे.

“एकच ठेवायचं असेल तर?” पांढऱ्या केसांचे सर्जन पेन्सिल उचलतात.

“सर, सगळंच महत्त्वाचं आहे.”

“असेलच. एक सांग.”

“सर्व्हायव्हल.”

“फोनने?”

टेबलावर हशा पिकतो, तीही हसते. शेक पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, एवढंच उरतं. बाकीच्यांपुढे सर बारीक अक्षरात ‘दुय्यम’ लिहितात. तिच्या चेहऱ्यावरून वाटतं, रेघ मारली असती तर कमी लागलं असतं.

आता स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम लॅपटॉप वळवतात. “सध्या किती जण पूर्ण करतात?”

“साठ टक्के. रजिस्टरवरून मोजलेत.”

“छान. आणि फोन केल्यावर फरक किती धरलाय?”

“वीस. म्हणजे ऐंशी टक्के होतील.”

“कशावरून?”

उत्तर येत नाही. ऐंशी धरले की फोन येणारे आणि न येणारे असे दोन्ही गट मिळून १६० पेशंटांत भागतं, आणि तेवढे तिच्याकडे वर्षभरात येतात. ऐंशीचा उगम तिथे आहे हे सगळ्यांनी ओळखलंय. मॅडम सत्तर टाकतात. स्क्रीनवर ७०० च्या पुढचा आकडा उमटतो. पासष्ट टाकतात, आकडा तीन हजारांना टेकतो. फरक निम्मा धरला की पेशंट चौपट, गणित कुणाची गय करत नाही.

“घाबरू नकोस,” सर म्हणतात. “मानेच्या गाठींचं आठव. मान आधीच साफ करायची की गाठ हाताला लागेपर्यंत थांबायचं, यावर सर्जन वर्षानुवर्षं नुसते भांडत होते. टाटामध्ये कुणाची मान कधी करायची यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. २०१५ मध्ये ५०० पेशंटांचा निकाल आला: आधी केली तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, थांबून केली तर ६७.५. ग्रिडमध्ये तीनशेहून जास्त केंद्रं आहेत. तुला चार जोडीदार मिळणार नाहीत?”

ती वहीत दोन हॉस्पिटलांची नावं लिहिते. एवढा साधा प्रश्न धरून वर्षंच्या वर्षं बसायचं म्हणजे शेजारी कुणीतरी असा खडूस लागतो. सोमवारच्या ओपीडीत तो कुठून मिळणार? तिथे विचार करायलाच उसंत नसते.

जेवणानंतर संमतीची तालीम. सर पेशंटचे थोरले भाऊ होतात. “डॉक्टर, दोन्हीतलं चांगलं कुठलं?”

“फोनचं चांगलं ठरेल, असं वाटतंय.”

“मग माझ्या भावाला तेच द्या. चिठ्ठी कशाला?”

ती अडते. पुन्हा सुरू करते, पुन्हा अडते. शेवटी म्हणते, “दादा, फोनने उपयोग होतो की नाही हे मला खरंच माहीत नाही. म्हणून तर बघतोय. नाही म्हणालात तरी शेक तसाच मिळेल.” सर मान हलवतात. मला मात्र वाटतं, तिच्या खऱ्या ओपीडीतला भाऊ एवढं विचारणारच नाही. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून तो सही करून मोकळा होईल, आणि त्या सहीची तालीम इथे कुणी घेत नाहीये.

चहा येतो तेव्हा गुवाहाटीहून आलेला डॉक्टर विचारतो, “फाइलवर फोन नंबर कुणाचा असतो?”

“बहुतेक पुतण्याचा,” ती म्हणते. “पुतण्या पुण्यात.”

मॅडम लॅपटॉप पुन्हा उघडतात. “पाचातल्या एकाला फोन लागलाच नाही, तर दहाचा फरक आठवर येतो. सातशेचे झाले अकराशे.”

“मग भरतीच्या वेळीच नंबर लावून बघू. लागला तरच पेशंट घ्यायचा.”

“आणि फोनच नसलेला?” सर विचारतात. “शेक सोडून जातो तो तोच ना?”

“आशाताईंचा नंबर घेतला तर?” गुवाहाटीकर सुचवतो.

“तो वेगळा ट्रायल झाला,” मॅडम म्हणतात. “आधी हा.”