कासव, मधमाशी आणि परदेशचा व्यापार

परदेशीं माल धाडणाऱ्या बागाईतदारास आतां दराइतकीच तेथील कायद्यांचीही चौकशी ठेवावी लागते. निसर्गरक्षणासाठीं एका देशानें दुसऱ्याच्या मालास अटी घालाव्या कीं नाहीं, हा वाद ज्या खटल्यांत कसास लागला, त्यांत आपला देशच फिर्यादी होता.

कोळंबीच्या जाळ्यांत समुद्रकासवें अडकून गुदमरतात. जाळ्यांत गजांची चौकट व बाहेर पडण्यास वाट ठेविली तर तीं वांचतात. अशी व्यवस्था नसलेल्या देशांची समुद्रांत धरलेली कोळंबी अमेरिकेनें १९८९ च्या कायद्यान्वयें नाकारली. १९९६ पासून तो कायदा सर्व देशांस लागला. भारत, पाकिस्तान, मलेशिया व थायलंड यांनीं जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि १९९८ मध्यें अपिलांत ते जिंकले. पण कशावर जिंकले तें पाहण्यासारखें आहे. कासवें राखण्याचा हेतु रास्तच ठरला; संपत चाललेली नैसर्गिक संपत्ति राखण्याची मुभा १९४७ च्या व्यापारकराराच्या २० व्या कलमांतच आहे. दोष निघाला तो वागणुकींत. कॅरिबियन बाजूच्या देशांस तयारीला तीन वर्षें, आणि आपणांस चार महिने! पुढें अमेरिकेनें अंमलाची रीत सुधारली, तेव्हां २००१ मध्यें मलेशियाची तक्रार टिकली नाहीं.

हेंच माप मधमाशीच्या नियमास लावून पाहूं. क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम हीं कीटकनाशकें मधमाश्यांस घातक म्हणून युरोपीय संघानें २०१८ मध्यें उघड्या शेतांत बंद केलीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें, बाहेरून येणाऱ्या मालांतही त्यांचा अंश मोजतां येईल त्या किमान मर्यादेवर आणण्याचें ठरवून ७ मार्च २०२६ ही तारीख दिली. खाणाराच्या प्रकृतीसाठीं अशी मर्यादा घालणें जुनेंच. येथें कारण परमुलखांतील मधमाशीचें आहे, हें नवें. मुदत सर्वांस सारखी, तेव्हां जुना दोष टाळलेला दिसतो. मात्र कित्येक युरोपीय सरकारांनीं आपल्या बीटवाल्यांस हीं औषधें लावलेलें बियाणें पेरण्याची सवलत दिली होती. ती तेथील न्यायालयानें जानेवारी २०२३ मध्यें बेकायदा ठरविली, हें आम्हांस योग्य वाटतें.

आपल्याकडे थायामेथोक्झाम आंबा व भेंडीवर तुडतुड्यांसाठीं फवारतात. तें आंतरप्रवाही आहे. फळ धुतल्यानें आंतला अंश जात नाहीं. शिवाय झाडांत त्याचा कांहीं भाग क्लोथियानिडिनमध्यें पालटतो, म्हणून एकच फवारणी तपासणींत दोन्ही नांवांनीं सांपडूं शकते. युरोपास माल पाठवावयाचा असल्यास डब्यावरील व्यापारी नांवावर न थांबतां खालचें बारीक अक्षरांतील घटकद्रव्य वाचावें, व निर्यातीच्या झाडांची फवारणी-नोंद निराळी ठेवावी.