कोझोल गुरुजींचे पहिले वर्ष

अमेरिका हा श्रीमंत देश. तिथल्या शाळा कशा असतील, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणू, "तिथे काय कमी आहे!" पण श्रीमंत देशातसुद्धा गरिबांच्या मुलांची शाळा गरीबच राहते. अशा एका शाळेत एक नवे गुरुजी गेले. त्यांचे पहिले वर्ष कसे गेले, ते आम्ही इथे सांगणार आहोत.

या गुरुजींचे नाव जोनाथन कोझोल. त्यांचा जन्म १९३६ साली बोस्टन शहरात झाला. बोस्टन हे समुद्रकाठचे मोठे शहर आहे. कोझोल हुशार होते. हार्वर्ड या नामांकित विद्यापीठात ते शिकले. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात तीन तरुणांचे खून झाले. काळ्या लोकांना मत देण्याचा हक्क मिळावा, म्हणून हे तरुण झटत होते. ही बातमी कळली आणि कोझोल यांना स्वस्थ बसवेना. ते आपल्याच शहरातल्या रॉक्सबरी भागात गेले. तिथल्या मुलांना शिकवू लागले. मग त्याच वर्षी शहराच्या एका प्राथमिक शाळेत ते बदली शिक्षक झाले.

रॉक्सबरी ही मुख्यतः काळ्या लोकांची वस्ती. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. पण भेदभाव गेला नाही. चांगल्या वस्तीत काळ्या माणसाला घर मिळणे कठीण. त्यामुळे पुष्कळ कुटुंबे एकाच भागात दाटीने राहत. आणि जशी वस्ती तशी शाळा! १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्याने वेगळ्या ठेवता येणार नाहीत. तरी बोस्टनच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्यांनी काणाडोळा केला. १९६३ साली हजारो मुले एक दिवस शाळेत गेली नाहीत. काळ्या लोकांनी असा निषेध केला. तरी कारभारी हलले नाहीत.

आता शाळा पाहू. कोझोल गुरुजींना चौथीचा वर्ग मिळाला. पण वर्गाला खोलीच नव्हती! शाळेच्या सभागृहाचा एक कोपरा, तोच त्यांचा वर्ग. त्याच सभागृहात दुसरेही वर्ग भरत. इकडे गणित, तिकडे गाणे. कोणाचे कोणाला ऐकू येईना. एकदा खिडकीची चौकटच आत कोसळली. गुरुजींनी ती हातांवर झेलली, म्हणून मुले वाचली. पुस्तके जुनी आणि फाटकी. काळ्या मुलांसारखी मुले त्या पुस्तकांत कुठे दिसतच नसत.

मारही होता. शाळेच्या तळघरात नेऊन मुलांच्या हातांवर वेताची छडी मारत. आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला आईबाप नव्हते. त्याला चित्रे काढायची भारी आवड. पण नमुन्याबरहुकूम चित्र काढले नाही, म्हणून त्याला बोलणी खावी लागत.

पुढे गुरुजींना चौथीचाच दुसरा वर्ग दिला. त्या वर्गावर एकामागून एक बदली शिक्षक येऊन गेले होते. एक येई, तो जाई, दुसरा येई. मुले वाचनात आणि गणितात मागे पडली होती. यात मुलांचा काय दोष?

गुरुजींनी काय केले? त्यांनी चांगली चित्रे आणून मुलांना दाखवली. बाहेरून पुस्तके आणली. त्यांत एका काळ्या मुलीची गोष्ट होती. ती मुलांना फार आवडली. मोठमोठ्या कवींच्या कविता गुरुजींनी वाचून दाखवल्या.

एके दिवशी त्यांनी लँग्स्टन ह्यूज या काळ्या कवीची कविता वाचली. तीत एक भाडेकरू आहे. त्याचे छप्पर गळते, पायऱ्या मोडल्या आहेत. घरमालक दुरुस्ती करत नाही, भाडे मात्र मागतो. भांडण होते आणि तुरुंगात जातो तो भाडेकरूच. मुलांना ही कविता लगेच समजली. कारण त्यांची स्वतःची घरे तशीच होती. काहींनी ती पाठसुद्धा केली.

पण तक्रार वर गेली. चौथीला नेमलेल्या कवितांत ही कविता नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. १९६५ साली, वर्ष संपायच्या आतच, गुरुजींना कामावरून काढले. मुलांच्या पालकांना हे पटले नाही. त्यांनी शाळेत येऊन जाब विचारला. पण हुकूम फिरला नाही.

गुरुजी मात्र गप्प बसले नाहीत. त्या एका वर्षाची हकीगत त्यांनी पुस्तकात लिहिली. ते १९६७ साली निघाले. पुढच्या वर्षी त्याला देशातला मोठा पुरस्कार मिळाला. शाळेच्या भिंतीआड काय चालते, ते साऱ्या देशाला कळले. १९७१ साली त्या राज्याने शाळेतला मार कायद्याने बंद केला. १९७४ साली न्यायालयाने निकाल दिला, की बोस्टनच्या कारभाऱ्यांनी जाणूनबुजून मुलांची वेगवेगळी विभागणी ठेवली होती. हे एका माणसाने झाले नाही. पालक वर्षानुवर्षे लढत होते. गुरुजींचे पुस्तक त्या लढ्याला हातभार ठरले.

आपल्या देशातही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारणे मना केले आहे. त्याच कायद्याप्रमाणे सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. समितीची बैठक असेल तेव्हा आपण जावे. वर्गाला खोली आहे का, छप्पर गळते का, पुस्तके मिळाली का, हे विचारावे. नवे गुरुजी किंवा बाई आल्या असतील, तर त्यांना काय अडचण आहे, हेही विचारावे. आता आपल्याला वाचता येते. समितीने काय ठरवले, ते आपण स्वतः वाचून पाहावे आणि मगच सही करावी.