लेहमधले पहिले दोन दिवस

मुंबईहून विमानाने लेहला जाणारा प्रवासी काही तासांत समुद्रसपाटीवरून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर पोहोचतो. तिथल्या हवेतही प्राणवायूचं प्रमाण २१ टक्केच असतं. पण हवेचा दाब जवळपास दोन-तृतीयांशच उरतो, आणि त्याच प्रमाणात दर श्वासातला प्राणवायू घटतो. श्वासाचा वेग वाढवून शरीर ही तूट भरून काढू लागतं, मात्र त्याला काही दिवस लागतात. दरम्यान डोकेदुखी, मळमळ, उडालेली झोप ही लक्षणं बहुधा काही तासांनी दिसतात; सकाळी ठणठणीत असलेला माणूस रात्री आडवा होतो.

‘आम्ही सह्याद्रीतले गड चढणारे’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे लेहच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय दमसास कितीही असला तरी विरळ हवेशी जुळवून घेण्याचा वेग त्यावर ठरत नाही. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेलं ॲसिटाझोलामाइड मदत करतं खरं, पण विश्रांतीची जागा घेत नाही. सुट्टी आठवड्याचीच असते, ही अडचण खरी आहे. तरीही दोन दिवस लेहमध्ये थांबूनच खारदुंग ला ही आणखी उंचावरची खिंड गाठावी. श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत आलं तर अधिक बरं. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. अशा वेळी प्राणवायू लावून रुग्णाला तातडीने खाली न्यावं, सकाळ होण्याची वाट पाहू नये.