न दिसणाऱ्या उजेडातील क्षितिजरेषा

शहराची क्षितिजरेषा म्हटली की मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारतींची कमान डोळ्यांपुढे उभी राहते. नाकाडोंगरीच्या माणसाला साहजिकच वाटेल, की या विषयाशी आपला संबंध काय? तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या या परिसरात आकाशाला टेकलेली रेषा उंच घरांची नसते. ती टेकड्यांची, सागाच्या रानाची आणि मँगनीजच्या खाणींतून उपसलेल्या मातीदगडांच्या ढिगांची असते. परंतु रेषा इमारतींची असो की टेकड्यांची, तिला एक प्रश्न सारखाच विचारता येतो: तुझ्यात जिवंत किती आणि निर्जीव किती? नुसत्या डोळ्याला याचे उत्तर नीट देता येत नाही. इन्फ्रारेड, म्हणजेच अवरक्त, प्रकाशात घेतलेले छायाचित्र ते बऱ्याच अंशी देते. ते कसे देते आणि त्यावर कोठवर विसंबावे, एवढेच या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हा प्रकाश म्हणजे काय ते पाहू. लोलकातून सूर्यप्रकाश जाऊ दिला की जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो, हे शाळेत आपण सर्वांनी पाहिले आहे. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने, ज्याने १७८१ साली युरेनस ग्रह शोधला होता त्यानेच, या पट्ट्यातील एकेका रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला; किंबहुना तेथे तो अधिकच चढला. तेथे प्रकाश होता, पण तो पाहण्याची सोय आपल्या डोळ्यांत नव्हती. आपला डोळा साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. छायाचित्रणाला उपयोगी पडणारा अवरक्त प्रकाश त्याच्या लगतचा, ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इन्फ्रारेड फोटो म्हणजे उष्णतेचा फोटो, अशी पुष्कळांची समजूत असते. माणसाच्या अंगातून किंवा तापलेल्या भिंतीतून जी उष्णता बाहेर पडते, तिची तरंगलांबी १०,००० नॅनोमीटरच्या घरातली असते. ती टिपणारी यंत्रे निराळी. आपण ज्या छायाचित्राविषयी बोलत आहोत, त्यात पदार्थ स्वतः काही उजळत नाही. सूर्याचा अदृश्य प्रकाश त्याच्यावर पडतो आणि त्यातला काही भाग परत फिरतो, तोच कॅमेरा टिपतो. त्यामुळे असे चित्र काढायला ऊनच लागते. घरच्या घरी या प्रकाशाची ओळख करून घ्यायची असेल, तर टेलिव्हिजनच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्याला काही दिसत नाही; पण पुष्कळशा फोनांच्या पडद्यावर, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यातून, एक ठिपका लुकलुकताना दिसतो.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी या प्रकाशात काढलेली निसर्गदृश्ये १९१० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पाहणारे चकित झाले. भर उन्हातले आकाश काळे आणि झाडे जणू बर्फ पडल्यासारखी पांढरी! यात जादू काहीच नव्हती. हिरवे पान तांबडा व निळा प्रकाश अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते. हिरव्यातला थोडासा परत पाठवते, म्हणून ते आपल्याला हिरवे दिसते. अवरक्त प्रकाश मात्र त्याच्या हरितद्रव्याच्या उपयोगाचा नसतो. तो पानात शिरतो, आतल्या पेशी आणि त्यांमधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर पुन्हा पुन्हा आपटतो आणि निम्म्याच्या जवळपास परत बाहेर येतो. पाण्याची तऱ्हा उलटी. पाणी हा प्रकाश गिळून टाकते, म्हणून तळे काळेभोर उमटते. आकाश काळे का, तर त्याचा निळेपणा हवेच्या कणांनी विखुरलेल्या आखूड लहरींमुळे आलेला असतो आणि लांब लहरी फारशा विखुरल्या जात नाहीत. हिशेब असा, की तरंगलांबी दुप्पट झाली तर हे विखुरणे सोळा पटींनी कमी होते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश आणि ९०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश यांत एवढे अंतर पडते.

आता हे ज्ञान घेऊन नागपूरच्या एखाद्या उंच गच्चीवर जाऊ. नागपूर आपल्याला जवळचे, आणि तेथे झाडे, तलाव व इमारती एकाच नजरेत मावतात. साध्या छायाचित्रात सारे दृश्य धूसर आणि हिरवट-करडे येते. अवरक्त चित्रात त्याची फोड होते. कडुलिंब, वड, पिंपळ यांचे शेंडे पांढरे होऊन पुढे येतात. अंबाझरी किंवा फुटाळा तलाव दिसत असेल, तर तो काळा डाग होतो. सिमेंटच्या इमारती राखी रंगाच्या राहतात. शहराच्या रेषेत झाडांची पांढरी किनार कोठे सलग आहे आणि कोठे तुटली आहे, हे बोट ठेवून दाखवता येते. हिरवा रंग दिलेली पत्र्याची भिंत किंवा कृत्रिम गवत डोळ्याला झाडीत मिसळून गेलेले दिसते. अवरक्त चित्रात ते बहुधा काळवंडलेले उमटते आणि खऱ्या झाडापासून वेगळे पडते.

हीच युक्ती दुसऱ्या महायुद्धात वापरली गेली. हिरव्या रंगाने आणि तोडलेल्या फांद्यांनी झाकलेल्या तोफा विमानातून घेतलेल्या अशा चित्रांत उघड्या पडत. पुढे पानासारखाच अवरक्त प्रकाश परतवणारे रंग तयार झाले, तेव्हा ही युक्ती पूर्वीइतकी हुकमी राहिली नाही. त्यातून आपण एवढे शिकावे, की पांढरे दिसले ते सारे झाडच असेल असे मानू नये. पुष्कळ काळी कापडेसुद्धा या प्रकाशात पांढुरकी दिसतात!

आता धूसरतेकडे वळू. हिवाळ्यात दूरची रेषा निळसर धुक्यात बुडाल्यासारखी दिसते. हा निळेपणा हवेतील अतिसूक्ष्म कणांचा असेल, तर अवरक्त चित्र तो बराचसा बाजूला सारते आणि डोळ्याला न दिसणारी टेकडी कागदावर उमटते. मात्र धुक्याचे थेंब आणि धुळीचे जाडे कण लांब-आखूड असा भेद करीत नाहीत; ते सर्वच लहरी सारख्या विखुरतात. त्यामुळे दाट धुक्यातून किंवा धुळीच्या पडद्यातून हा कॅमेराही पाहू शकत नाही. ही त्याची मर्यादा खरी, पण ती उपयोगी पडते. कोरड्या दिवशी साध्या चित्रात रेषा पुसट आणि अवरक्तात स्पष्ट असेल, तर हवेत बारीक कण आहेत. दोन्हींत पुसट असेल, तर जाडी धूळ आहे, असा मोघम अंदाज बांधता येतो. ज्या परिसरात खनिजाचे ट्रक दिवसरात्र धावतात, तेथल्या माणसाला हा फरक सांगण्याची गरज नाही. तो श्वासाबरोबर त्याला कळतो.

भारतात या प्रकाशाचा उपयोग पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाला, तो झाडांचीच नाडी पाहण्यासाठी. १९७० च्या सुमारास प्राध्यापक पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील नारळाच्या बागांची अवरक्त रंगीत फिल्मवर हवाई छायाचित्रे घेतली आणि मुळांच्या रोगाने पछाडलेली झाडे निरोगी झाडांहून वेगळी ओळखून दाखवली. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह सोडला गेला. त्याच्या कॅमेऱ्यांना निळा, हिरवा, तांबडा आणि अवरक्त असे चार डोळे होते. त्याच वर्षी महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपूरला सुरू झाले. आकाशातून आलेली अशी चित्रे वाचण्याचे काम आपल्याच विदर्भात चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

हे वाचन चालते कसे? त्याचा हिशेब चौथीच्या मुलालाही करता येईल. समजा, पानावर पडलेल्या प्रत्येक शंभर भागांपैकी अवरक्ताचे ५० आणि तांबड्याचे ५ परत आले. दोहोंतील फरक ४५, बेरीज ५५. फरकाला बेरजेने भागले की सुमारे ०.८२. उघड्या मातीचे अवरक्त ३० आणि तांबडे २५ धरले, तर फरक ५, बेरीज ५५, उत्तर ०.०९. पाण्यात अवरक्त तांबड्याहूनही कमी येते, म्हणून उत्तर शून्याच्या खाली जाते. एका अंकात झाड, माती आणि पाणी वेगळे झाले.

आता हा अंक घेऊन आपल्या जिल्ह्यात येऊ. भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील मालगुजारी तलावांत बेशरम माजली, की काठावरून पाहणाऱ्याला हिरवेगार दिसते आणि मन समाधान पावते. अवरक्त चित्रात उघडे पाणी काळे आणि बेशरमीचे रान पांढरे असते. तलाव किती बुजला, हे वर्षावर्षाला मोजता येते. तीच गोष्ट खाणींच्या ढिगांची. डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटरीच्या कामी येते. आपल्या बॅटरीतल्या सेलचे आणि या टेकड्यांचे नाते असे जवळचे आहे. पण खनिज निघून गेल्यावर जो ढीग उरतो, त्यात झाडाला आधार देणारे फारसे काही नसते. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे साखर कारखान्यातील मळी आणि मुळांशी राहणारे उपयुक्त जीवजंतू वापरून अशा ढिगावर झाडे वाढवण्यात नीरी या संस्थेच्या शास्त्रज्ञांना यश आले. लावलेली झाडे खरोखर जगली, की फलक तेवढा उभा राहिला, हे दरवर्षी पाहण्याचे साधन अवरक्त चित्र होऊ शकते.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. आपण वसंतात जमतो, आणि याच दिवसांत आपले रान पानगळीचे असते. साग उघडा, पळस नुसता फुलांचा. या दिवसांत घेतलेल्या अवरक्त चित्रात जंगल काळपट दिसेल. म्हणून ते मेले असे कोणी म्हणू नये. तुलना करायची तर दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच महिन्यात, एकाच वेळेला चित्र घ्यावे. पावसाळा संपल्यानंतरचे, हवा धुतलेली असतानाचे आश्विन-कार्तिकातले दिवस त्यासाठी उत्तम.

साहित्यही फार लागत नाही. पूर्वी खास फिल्म पूर्ण अंधारात भरावी लागे. कोडॅकची प्रसिद्ध अवरक्त फिल्म २००७ साली बंद झाली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्याला हा प्रकाश जाणवतो, फक्त त्याच्यापुढे तो अडवणारी एक काच बसवलेली असते. तरीही थोडा प्रकाश गळतोच. भिंगापुढे ७२० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारा, जवळजवळ काळा दिसणारा फिल्टर लावावा, कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट ठेवावा आणि दुपारच्या उन्हात काही सेकंद प्रकाश घ्यावा. दृश्याची जुळवाजुळव फिल्टर लावण्याआधीच करावी, कारण नंतर आतून काही दिसत नाही. भिंग किंचित वेगळ्या ठिकाणी स्थिर करावे लागते; जुन्या भिंगांवर त्यासाठी तांबडी खूण असते.

नाकाडोंगरीच्या एखाद्या शाळेने एक ठरलेली जागा निवडून दरवर्षी आश्विनात टेकड्यांच्या रेषेची दोन चित्रे घेतली, एक साधे आणि एक अवरक्त, व मागे तारीख-वेळ लिहून जपून ठेवली, तर दहा वर्षांनी गावाजवळ वीस चित्रांचा एक दस्तऐवज होईल. टेकडीवरची पांढरी किनार वाढली की आक्रसली, याचा निकाल तेव्हा कोणाच्या भाषणावरून लावावा लागणार नाही. चित्रे शेजारी ठेवून मुलेच तो लावतील.