कापडातून येणारे पूर्वज

वीदा (बेनिन), जानेवारी

ढोल वाजू लागले की गल्लीतली गर्दी आपोआप दोन्ही बाजूंना पांगते. एगुनगुन येतो आहे. चेहरा, हात, पाय काहीच दिसत नाही. डोक्यापासून जमिनीपर्यंत नुसते कापड. मखमल, छापील सुती, जरीच्या पट्ट्या, तोंडावर जाळी, त्यावर कवड्या. आत कोण आहे हे कुणी विचारत नाही. योरुबा घराण्यांच्या श्रद्धेनुसार तो त्यांचा दिवंगत पूर्वज असतो, लेकरांची विचारपूस करायला आलेला.

तो नाचतो. गिरकीसरशी पट्ट्या छत्रीसारख्या फुलतात आणि त्या वाऱ्यातून आशीर्वाद मिळतो, असे मानतात. पण मध्येच थांबून तो घोगऱ्या आवाजात बोलू लागतो, भांडणाऱ्यांना दटावतो, हात पुढे करून पैसेही घेतो. बायका घराण्याची स्तुतिगीते म्हणतात. कापडाचा स्पर्श जिवावर बेततो अशी समजूत असल्याने काठ्या घेतलेले रक्षक सर्वांना मागे रेटतात, पाहुण्यांनासुद्धा.

हा पोशाख एका पिढीत पुरा होत नाही. जुन्या कापडावर नवे थर चढत जातात, म्हणून घराण्याचा इतिहास त्याच्या जाडीवरून कळतो. मला मात्र त्या कवड्यांवरून नजर हटवता येईना. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या युरोपीय जहाजांतून इथे येत आणि याच किनाऱ्यावर त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. वीदाहून दहा लाखांच्या आसपास माणसे अटलांटिकपार नेली गेली. त्या व्यापारात ब्राझीलला पोहोचलेल्या योरुबांनी एगुनगुनही सोबत नेला. बाहियातल्या इतापारिका बेटावर तो आजही येतो. ज्या चलनात माणसे विकली गेली, त्याच चलनाने इथे पूर्वजांचा चेहरा मढवतात. इतके धीट स्मारक मी दुसरे पाहिलेले नाही.

देशाचे तेव्हाचे शासक मातियू केरेकू यांनी 1974 मध्ये मार्क्सवाद स्वीकारला, तेव्हा असे आचार मागास ठरवून दडपले गेले. 1990 च्या दशकात वोदून या इथल्या पारंपरिक धर्माला मान मिळाला आणि 10 जानेवारीला राष्ट्रीय सुटी जाहीर झाली. आता सरकार याच दिवसांत मोठा उत्सव भरवते. तिथल्या मंचासमोर खुर्चीत बसून पाहण्यापेक्षा एखाद्या वस्तीत जावे, असे मी आग्रहाने सांगेन. पूर्वज तिथे आपल्या माणसांशी बोलतात. छायाचित्र घ्यायचे तर आधी त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवून गर्दीत उभे राहावे.