क्षेपणभूमीतील वायूपासून लघु विद्युतनिर्मिती : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना :
जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनार क्षेपणभूमीला आग लागली आणि धुराने शहराचा मोठा भाग व्यापला. १९२७ पासून वापरात असलेल्या या जागेने कचऱ्याचा प्रश्न जागेइतकाच हवेचाही आहे, हे दाखवून दिले. ढिगात साचणारा मिथेन अशा आगींना पोषक ठरतो. त्याचाच इंधन म्हणून उपयोग कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वायूची निर्मिती :
ओला कचरा दाबला गेला की त्यातील प्राणवायू संपतो व प्राणवायूविना जगणारे जिवाणू त्याचे विघटन करतात. त्यातून निर्माण होणाऱ्या वायूत साधारणतः निम्मा मिथेन व उर्वरित प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असल्यास स्फोटही संभवतो.

विद्युतनिर्मितीची प्रक्रिया :
ढिगावर अभेद्य आच्छादन घालून त्यात सच्छिद्र नळ्यांच्या विहिरी घेतल्या जातात. ब्लोअरने खेचलेल्या वायूतील बाष्प व हायड्रोजन सल्फाइड काढून तो गॅस इंजिनात जाळतात. मिथेन ५० टक्के असल्यास एक घनमीटर वायूत सुमारे ५ युनिट ऊर्जा असते. इंजिनाची कार्यक्षमता ३८ टक्के धरल्यास तीतून १.९ युनिट वीज मिळते. म्हणजेच एक मेगावॉटसाठी ताशी सुमारे ५२५ घनमीटर वायू अखंड मिळावा लागतो.

मर्यादा :
आपल्याकडील कचऱ्यात ओला अंश अधिक असल्याने वायू लवकर तयार होतो आणि क्षेपणभूमी बंद झाल्यावर तितक्याच लवकर घटतो. शिवाय आच्छादन नसलेल्या ढिगातून बराचसा वायू आधीच निसटलेला असतो. मुंबईतील गोराई क्षेपणभूमी २००७ नंतर शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आली. तेथे वायू गोळा करून नियंत्रित ज्योतीत जाळण्याची व्यवस्था झाली. वीज मिळाली नाही तरी मिथेन जाळणे हितकारकच ठरते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, संयंत्राची क्षमता अपेक्षेवर नव्हे, तर प्रत्यक्ष मोजलेल्या वायूवर ठरवावी. ती सुरुवातीस लहानच असावी. जुन्या ढिगांसाठी हा उपाय योग्य आहे. नवा ओला कचरा मात्र मुळातच वेगळा करून बंदिस्त जैववायू संयंत्रात न्यावा. वीज मिळते म्हणून ढीग वाढवत राहणे क्षेपणभूमीलगत राहणाऱ्या वस्त्यांवर अन्याय करणारे ठरेल.