दूरच्या संगणकाशीं गुप्त मार्ग कसा जोडावा

डिंभे जलाशयाचें पाणी डाव्या कालव्यानें येडगांवच्या धरणाकडे जातें, हें आमचे विद्यार्थी जाणतातच. शेतांत पाणी न आल्यास शहाणा शेतकरी आधीं धरणाचा दरवाजा, मग कालवा, मग आपलें दारें असें क्रमानें पाहतो. संगणकाचा मार्ग तुटल्यासही हाच क्रम धरावा, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

समजा, डिंभ्याच्या एखाद्या शाळेंत लिनक्सवर चालणारा सर्व्हर आहे व तेथील गुणपत्रकांच्या प्रती रोज रात्रीं पुण्यास ठेवावयाच्या आहेत. मुलांचे गुण व पत्ते वाटेंत कोणीं वाचूं नयेत म्हणून मजकूर सांकेतिक करून नेणारा जो मार्ग बांधतात, त्यास व्हीपीएन म्हणतात. मोबाइलच्या जोडणीस बहुधा बाहेरून हांक मारतां येत नाहीं. म्हणून डिंभ्याचा संगणकच पुण्यास हांक मारतो. त्यास क्लायंट हें नांव आहे.

याकरितां वायरगार्ड हें साधन सोपें. सन २०२० पासून तें लिनक्सच्या गाभ्यांतच आहे. प्रत्येक टोकास एक खाजगी व एक सार्वजनिक किल्ली करावी. सार्वजनिक किल्ल्यांची अदलाबदल करावी. खाजगी किल्ली कोणासही देऊं नये. मांडणीच्या फायलींत आपली खाजगी किल्ली व आंतील पत्ता, समोरच्याची सार्वजनिक किल्ली, पत्ता व पोर्ट, बहुधा ५१८२०, आणि कोणत्या पत्त्यांचा मजकूर या मार्गानें जावा, हें लिहावें. दर २५ सेकंदांनीं लहानसा निरोप पाठविण्याचें ठरविल्यास वाट मिटत नाहीं. मग ‘डब्ल्यूजी-क्विक’ या आज्ञेनें मार्ग उघडावा.

मार्ग न चालल्यास प्रथम तो बंद करून साधें इंटरनेट चालतें काय, तें पाहावें. मग ‘डब्ल्यूजी शो’ या आज्ञेनें दोन्ही टोकांचें हस्तांदोलन झालें काय, तें पाहावें. झालें नसल्यास किल्ल्या, पत्ता, पोर्ट व फायरवॉल तपासावीं. वीज जाऊन घड्याळ मागें पडलें तरीही हस्तांदोलन नाकारलें जातें. जुन्या वेळेचा निरोप समोरचा संगणक स्वीकारीत नाहीं. हस्तांदोलन होऊनही नांवांवरून संगणक सांपडत नसल्यास डीएनएस पाहावें. लहान निरोप जाऊन मोठ्या फायली अडत असल्यास तुकड्यांचें माप, म्हणजे एमटीयू, १४२० वरून १२८० वर आणावें.

एक धोका विसरूं नये. सर्वच पत्ते या मार्गानें जावे असें लिहिल्यास दुरून काम करणाऱ्याची स्वतःचीच जोडणी तुटूं शकते, आणि एका आज्ञेसाठीं पुण्याहून डिंभ्यास जावें लागतें. म्हणून जरूर तेवढेच पत्ते लिहावे, व पांच मिनिटांनीं मार्ग आपोआप बंद होईल अशी तजवीज आधीं करावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत टिपावी. कारण एकदम पांच गोष्टी बदलणारास दोष कोणता होता हें कधींच कळत नाहीं.